दूरदेशीच्या नातवंडांचे पहिले वर्ष : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. बाळ परदेशात जन्मले आहे, आजी-आजोबा मुंबईत आहेत आणि बाळाच्या पहिल्या वर्षातील प्रत्येक नवी गोष्ट फोनवरून कळते आहे. काही पत्रे आईवडिलांनीच तिकडून पाठवली आहेत. बालविकासतज्ज्ञ म्हणून ही पत्रे वाचताना एक गोष्ट मला सारखी जाणवत राहिली : आनंदाची बातमी दोन्ही घरांत तत्काळ पोहोचते, शंका मात्र मनातच राहते किंवा नात्यातल्या दुसऱ्या बाळाशी तुलना करण्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून या वेळी थोडीच पत्रे निवडली आहेत आणि जिथे गरज वाटली तिथे उत्तर विस्ताराने दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा नातू म्युनिचला असतो. त्याला नुकतेच दहा महिने पूर्ण झाले. तो छान बसतो, खेळणे या हातातून त्या हातात घेतो, सोफ्याला धरून उभा राहू पाहतो. पण रांगत नाही, बसल्याबसल्याच पुढे सरकतो. माझ्या पुतण्याची मुलगी ठाण्याला आहे. ती याच्याहून थोडी लहान असूनही आठव्या महिन्यापासून घरभर रांगते आणि तिचे व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज येतात. माझी सून हल्ली त्या गटावर काहीच टाकत नाही. तिकडे बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई मिळाली नाही आणि थंडीत त्याला सतत जाड कपड्यांत ठेवावे लागले, म्हणून असे झाले असेल का? सुनेला मी काय सांगावे? — एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, आपण नातवाविषयी जे लिहिले आहे त्यातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. दहा महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसते, वस्तू या हातातून त्या हातात घेते, धरून उभे राहू पाहते आणि हवी ती वस्तू गाठण्यासाठी स्वतःची युक्ती शोधून काढते, याचा अर्थ त्याचे स्नायू, तोल आणि समज एकमेकांच्या साथीने काम करीत आहेत.

रांगणे हा टप्पा आपल्या मनात जितका पक्का बसलेला आहे, तितका तो बाळांच्या विकासात पक्का नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बाळांचा त्यांच्या वाढीबरोबर पाठपुरावा केला आणि २००६ साली हालचालींच्या सहा टप्प्यांच्या वयोमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यातील भारतीय बाळे दक्षिण दिल्लीतील होती. त्या पाहणीनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हात आणि गुडघे टेकून रांगणे ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने, इतक्या मोठ्या पल्ल्यात निरोगी बाळे या गोष्टी शिकतात. म्हणजे लवकर रांगणारे आणि उशिरा रांगणारे बाळ यांच्यात आठ महिन्यांचे अंतर असले तरी दोन्ही बाळे निरोगी असू शकतात. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या पाहणीतील सुमारे ४ टक्के बाळे हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ साली बालविकासाच्या टप्प्यांची आपली यादी सुधारली, तेव्हा रांगणे त्यातून वगळले, ते याच विविधतेमुळे.

बसल्याबसल्या सरकणारी बाळे सर्वच देशांत आढळतात. अशा बाळाच्या आईने किंवा वडिलांनीही लहानपणी तसेच केलेले असते, असे पुष्कळदा दिसते. आपला मुलगा त्या वयात कसा सरकत असे, हे आठवत असेल तर सुनेला अवश्य सांगा, कारण ही माहिती तिकडच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि ती फक्त आपल्यापाशीच आहे. ही बाळे रांगणाऱ्या बाळांपेक्षा थोडी उशिरा चालतात, एवढे आधीच माहीत असावे, म्हणजे पहिल्या वाढदिवसाला पुन्हा तीच चिंता उभी राहणार नाही.

मालिशीबद्दल सांगायचे तर हलक्या हाताने तेल लावणे बाळाला सुखाचे असते आणि त्या निमित्ताने कोणीतरी अर्धा तास केवळ त्याच्याशी बोलत असते, हा त्यातला मोठा लाभ आहे. परंतु मालीश झाली नाही म्हणून बाळ रांगत नाही, असे म्हणता येत नाही. जाड कपड्यांविषयीची आपली शंका अधिक रास्त आहे. गुडघे वाकवताना कापड आड येत असेल तर बाळ हालचालीचा कंटाळा करते. घरात उबारा असताना त्याला हलके कपडे घालून, पाय उघडे ठेवून, जमिनीवरच्या सतरंजीवर मोकळे सोडावे आणि आवडते खेळणे हाताच्या टप्प्याच्या जरा पुढे ठेवावे. बाळाला पाठीवरच झोपवावे, ही सूचना पाश्चात्त्य देशांत १९९० नंतरच्या दशकात रुजली आणि तिच्यामुळे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुष्कळ कमी झाले. ती सूचना आजही तंतोतंत पाळायची आहे. मात्र जागेपणी बाळाला रोज पालथे ठेवून खेळवणे हा तिचाच दुसरा भाग असून तो अनेक घरांत राहून जातो.

आता कोणत्या गोष्टी खरोखर डॉक्टरांना दाखवायच्या, तेही स्पष्ट लिहितो. दहाव्या महिन्यात बाळ आधाराशिवाय बसत नसेल. शरीर फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल. ते सारखा एकच हात वापरत असेल किंवा एकच पाय ओढत असेल. हाक मारल्यावर वळून पाहत नसेल. आवाज काढत नसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे येत होते ते येईनासे झाले असेल, तर वाट पाहू नये. ‘आमचाही उशिराच चालला’ हे वाक्य अशा वेळी प्रेमाने बोलले जाते, पण त्यामुळे उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. जर्मनीत प्रत्येक बाळाला तपासण्यांची पिवळी पुस्तिका मिळते आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात तिच्यातील सहावी तपासणी होते. आपल्या सुनेने बाळाच्या सरकण्याचा छोटा व्हिडिओ त्या तपासणीला बरोबर न्यावा. तपासणीच्या खोलीत बाळ बुजून काहीच करीत नाही, अशा वेळी घरी काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातो.

राहिला आपल्या सुनेचा प्रश्न, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ती गटावर गप्प झाली आहे, याचा अर्थ तिने तुलना मनाला लावून घेतली आहे. तिला स्वतंत्र फोन करावा आणि ‘रांगला का?’ हा प्रश्न त्या फोनवर मुळीच विचारू नये. आज त्याने काय खाल्ले, कशाला हसला, कोणती वस्तू तोंडात घातली, असे विचारावे. ठाण्याच्या बाळाचे व्हिडिओ थांबवण्याची आवश्यकता नाही, तो त्या घरचा आनंद आहे. मात्र त्यांच्याखाली कोणी ‘आपला म्युनिचवाला कधी?’ असे लिहिले, तर घरातील ज्येष्ठ म्हणून आपण त्या व्यक्तीला बाजूला घेऊन समज द्यावी, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला टोरांटोत जुळी मुले झाली, ती बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मली. आता ती सात महिन्यांची झाली तरी बसत नाहीत. मुलगी म्हणते, काळजीचे कारण नाही. ती मला धीर देण्यासाठी असे म्हणते का? — एक आजोबा, बोरिवली

उत्तर : आपली मुलगी बरोबर सांगते आहे. पूर्ण दिवसांचे बाळ चाळीस आठवड्यांचे धरले, तर आपली नातवंडे आठ आठवडे आधी आली. विकासाचे टप्पे पाहताना हे आठ आठवडे वयातून वजा करायचे असतात आणि ही पद्धत साधारण दोन वर्षांचे वय होईपर्यंत पाळली जाते. त्या हिशेबाने ती पाच महिन्यांच्या आसपास आहेत आणि या वयात न बसणे स्वाभाविक आहे. लसी मात्र जन्मतारखेनुसारच, म्हणजे खऱ्या वयानुसार दिल्या जातात. दोघांपैकी एक आधी बसले आणि दुसरे उशिरा, असेही होईल. जुळ्यांची परस्परांशी तुलना ही सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत निरर्थक तुलना आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी, श्रवण आणि स्नायूंची तपासणी ठरलेल्या वेळी व्हावी लागते. ती होते आहे ना, एवढे आपण विचारावे.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. येत्या जानेवारीत आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच मुंबईला, परळला, माझ्या आईवडिलांकडे येत आहोत. संक्रांतीनंतर तिचे बोरनहाण करायचे ठरले आहे आणि इमारतीतील सर्व मुलांना बोलावले आहे. तिकडच्या आणि इकडच्या लसींचे वेळापत्रक वेगळे असल्याचे कळते. काय काय पूर्ण करून यावे? — एक वडील

उत्तर : दोन्ही देशांतील वेळापत्रके त्या त्या ठिकाणच्या रोगांचा विचार करून आखलेली आहेत, त्यामुळे त्यांत फरक असणारच. आपल्याला तीन लसींचा विचार करायचा आहे.

पहिली बीसीजी. ही क्षयरोगाची लस भारतात जन्मानंतर लगेच दिली जाते. इंग्लंडमध्ये ती सर्व बाळांना देत नाहीत. परंतु ज्या बाळाचे आई, वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले आहेत, त्या बाळाला ती तेथील आरोग्यसेवेतर्फे दिली जाते. आपली मुलगी या नियमात बसते. तिला ती मिळाली आहे का, हे तिच्या आरोग्याच्या नोंदींच्या लाल पुस्तिकेत पाहा. मिळाली नसेल तर प्रवासाआधी पुरेसा अवधी ठेवून मागणी करा.

दुसरी गोवराची. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, इंग्लंडमध्ये गोवर, गालगुंड, रुबेला आणि २०२६ पासून कांजिण्या यांची एकत्रित लस पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास देतात. आपली मुलगी मुंबईत असताना आठ महिन्यांची असेल, म्हणजे दोन्ही वेळापत्रकांनुसार तिला गोवरापासून संरक्षण नसेल. अशा प्रवासासाठी सहा महिन्यांनंतर एक आगाऊ डोस देता येतो. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी तो घ्यावा. हा डोस नेहमीच्या हिशेबात धरला जात नाही, वर्षानंतरचे दोन्ही डोस ठरल्याप्रमाणे घ्यावेच लागतात. हे तिच्या पुस्तिकेत नीट लिहून घ्या, नाहीतर पुढे कोणीतरी एक डोस झालेला समजेल.

तिसरी टायफॉइडची. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना टायफॉइडची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस सहा महिन्यांनंतर देण्याची शिफारस करते. आपला मुक्काम किती दिवसांचा आहे, त्यावर आपले तिकडचे डॉक्टर निर्णय घेतील.

याशिवाय पिण्याचे पाणी उकळून थंड केलेले असावे, झोपताना मच्छरदाणी लावावी आणि अंगावरचे दूध चालू असेल तर मुंबईच्या मुक्कामात ते मुळीच कमी करू नये, कारण जुलाबांपासून बाळाला वाचवणारी तीच सर्वांत भरवशाची गोष्ट आहे.

बोरनहाणाबद्दल माझे मत विचाराल तर ते अवश्य करा. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि इमारतीतील मुलांचा गलका, हे सारे तिच्या आजीने वर्षभर मनात जपलेले असेल. मात्र आठ महिन्यांचे बाळ हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते आणि बोर, शेंगदाणा, उसाचा तुकडा किंवा गोळी यांपैकी काहीही त्याच्या श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून बाळावरून फुलांच्या पाकळ्या आणि थोडे कुरमुरे ओतावेत, बोरे, ऊस आणि चॉकलेटे बाजूच्या ताटातून मोठ्या मुलांना वाटावीत आणि बाळाला कोणाच्या तरी मांडीवर बसवून दोन्ही हात त्या माणसाच्या नजरेखाली राहतील असे पाहावे. हलव्याचे दागिने दोऱ्यातून सुटतात. फोटो झाला की ते लगेच उतरवावेत.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये राहते. माझ्या सासूबाई विलेपार्ल्याला असतात आणि पाच महिन्यांच्या नातवासाठी त्यांनी मोठ्या मायेने खोके पाठवले आहे. त्यात बाळघुटीची मात्रा, सहाण, मधाची बाटली आणि घरी धरलेले काजळ आहे. शिवाय बाळ लवकर चालावे म्हणून चाकांचा वॉकर घ्यायला त्यांनी पैसेही पाठवले आहेत. येथील परिचारिकेने या सर्वांना नकार दिला. सासूबाईंना दुखवायचे नाही. — एक आई

उत्तर : परिचारिकेचे म्हणणे योग्य आहे आणि त्याची कारणे सासूबाईंना समजावून सांगता येण्यासारखी आहेत. मधात काही वेळा बोटुलिझम या आजाराचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या पोटात त्यांचे काही चालत नाही, परंतु एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पाडू शकतात. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. घुटीतील वस्तू किती उगाळल्या गेल्या याचे मोजमाप राहत नाही, त्यातील जायफळाने बाळाला गुंगी येऊ शकते, आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पोटात काहीच जाऊ नये, हे तत्त्व मुंबईलाही तितकेच लागू आहे. काजळ डोळ्यांत घातल्याने जंतुसंसर्ग होण्याची भीती असते आणि बाजारातील काही काजळांत शिसे आढळलेले आहे. तेव्हा डोळ्यांत काहीच घालू नये. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर घरच्या काजळाचा बारीक ठिपका तळपायावर लावावा. तेथे बाळाचा हात किंवा तोंड सहज पोहोचणार नाही, यासाठी मोजे घालावेत.

चाकांच्या वॉकरविषयी मी अधिक ठाम आहे. त्याने बाळ लवकर चालत नाही. पाय टेकवून तोल सावरण्याचा सराव मात्र कमी होतो, आणि क्षणार्धात जिन्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचलेल्या बाळांना गंभीर इजा होतात. कॅनडाने २००४ सालापासून या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातलेली आहे. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा ही निराळी वस्तू आहे. स्वतःच्या पायांवर उभे राहू लागलेले मूल तो ढकलत चालते. सासूबाईंना त्या पैशातून पांगुळगाडा घेऊ असे कळवा आणि तो वाढदिवसाच्या सुमारास आणा. उष्टावणासाठी चांदीची वाटी, मऊ झबली आणि जमिनीवर अंथरायला जुन्या लुगड्याची गोधडी त्यांनी पाठवली, तर ती रोज वापरली जाईल. बाळाच्या पाळण्यात मात्र पहिल्या वर्षी सैल पांघरूण किंवा उशी ठेवू नये.

प्रश्न : आम्ही दुबईत आहोत. मुलगी अकरा महिन्यांची आहे. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिचे वडील हिंदीत आणि तिला सांभाळणारी ताई इंग्रजीत. ती अजून एकही स्पष्ट शब्द बोलत नाही. दादरला राहणाऱ्या माझ्या आईला वाटते, तीन भाषांमुळे तिचा गोंधळ होतो आहे आणि आम्ही एकच भाषा ठेवावी. — एक आई

उत्तर : अकराव्या महिन्यात स्पष्ट शब्द न येणे हा उशीर नव्हे. पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो, काहींना आणखी काही महिने लागतात. या वयात पाहायचे ते निराळे असते. नावाने हाक मारल्यावर ती वळते का, ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ गुंफते का, टाटा करते का, हवी ती वस्तू हाताने दाखवू लागली आहे का? हे होत असेल तर निश्चिंत राहावे. होत नसेल तर भाषा कमी करण्याआधी तिच्या श्रवणाची तपासणी करावी, कारण अनेक भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, याला आधार नाही.

आपल्या आईंना सांगण्यासारखा एक सुंदर प्रयोग आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅनडात असे दाखवून दिले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ या ध्वनींमधील फरक कळतो, पण दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो कळेनासा होतो, कारण तो त्यांच्या कानावर पडतच नाही. मराठी कानावर पडत राहिले तरच हे दार उघडे राहते, आणि आपली मुलगी नेमक्या त्याच वयात आहे. पुढे पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. प्रत्यक्ष माणसाने समोर बसून खेळत बोलल्यावर बाळांनी त्या भाषेतील ध्वनी ओळखले. तेच चित्रफितीवर किंवा ध्वनिफितीवर ऐकवल्यावर त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. तेव्हा मराठी बालगीतांच्या चित्रफिती लावून ठेवण्यापेक्षा आंघोळ घालताना, भरवताना, कपडे बदलताना आपण स्वतः मराठीत बोलत राहावे. पुढे शब्दांची गणती कराल तेव्हा तिन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. ती आईला मराठीत, वडिलांना हिंदीत हाक मारू लागली तर तो तिचा गोंधळ नसून ओळख आहे.

प्रश्न : आम्ही पॅरिसला असतो. आमच्या आठ महिन्यांच्या मुलाचे फोटो आम्ही घरच्यांना पाठवतो आणि मग ते मुंबईतील कोणीतरी नातेवाईक फेसबुकवर पूर्ण नाव आणि जन्मतारखेसह टाकतात, एकदा तर आंघोळीचाही टाकला. नको म्हटले तर राग येतो. — आईवडील

उत्तर : नको म्हणण्याचा अधिकार आपला आहे आणि तो आपण बजावावा. फ्रान्सने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी बालकांच्या प्रतिमेच्या हक्काविषयी कायदाच केला असून मुलाच्या खासगीपणाचे रक्षण करणे ही आई आणि वडील या दोघांची जबाबदारी मानली आहे. नातेवाइकांचा राग टाळण्यासाठी एक नियम सर्वांना एकदाच लेखी कळवा : आंघोळीचा किंवा उघड्या अंगाचा फोटो आम्ही कोणालाच पाठवणार नाही, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ठिकाण एकत्र लिहायचे नाही, आम्ही पाठवलेले फोटो पुढे कोठेही टाकायचे नाहीत. मग आजी-आजोबांसाठी केवळ त्यांनाच उघडता येईल असा फोटोंचा संग्रह ठेवा आणि दर महिन्याला दोन मोठे फोटो मुंबईत छापून त्यांच्या भिंतीवर लागतील अशी व्यवस्था करा. इतरांना दाखवण्याची त्यांची हौस त्यातून भागते.

प्रश्न : माझी नात, म्हणजे माझ्या मुलीची मुलगी, सिडनीला जन्मली, तेव्हा माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला जाता आले नाही. आता ती नऊ महिन्यांची आहे आणि मी पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी जात आहे. व्हिडिओ कॉलवर ती मला पाहून हसते, पण एक-दोन मिनिटांत दुसरीकडे पाहू लागते. शेजारच्या बाई त्यांच्या मुलाकडे गेल्या तेव्हा नातू त्यांच्याकडे पाहून इतका रडला, की त्या खचून गेल्या. माझ्या बाबतीतही असे झाले तर? आणि इतक्या लहान बाळाला फोन दाखवणे योग्य आहे का? — एक आजी, गिरगाव

उत्तर : ताई, रडेल, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. सहा-सात महिन्यांपर्यंत बाळ बहुतेकांकडे जाते. त्यानंतर आपली माणसे कोणती आणि परकी कोणती हे त्याला कळू लागते, आणि साधारण आठ ते बारा महिन्यांत हे बुजणे सर्वाधिक असते. आई खोलीबाहेर गेली तरी ती कोठेतरी आहे, हे बाळाला याच काळात उमगते, म्हणून तिच्यामागे रडणेही याच वयात वाढते. अर्थात बसणे, उभे राहणे यांच्यासारखाच हाही एक टप्पा आहे; फरक इतकाच, की त्याचे फोटो कोणी पाठवत नाही. आपल्याला पाहून नात रडली, तर तिच्या आईवडिलांशी तिचे नाते नीट जुळले आहे असे समजावे.

व्हिडिओ कॉलविषयी : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये असे सांगितले आहे. तथापि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने दोन वर्षांखालील मुलांसाठी पडदा वर्ज्य मानताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा अपवाद केला आहे, आणि मला तो रास्त वाटतो, कारण त्यात समोरचे माणूस बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देते. नात दोन मिनिटांत नजर वळवते, ती आपल्याला कंटाळून नव्हे. या वयात लक्ष तेवढेच टिकते. म्हणून कॉल छोटे आणि एकाच वेळी करावेत. सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, तेथील उन्हाळ्यात साडेपाच. आपला सकाळचा चहा झाल्यावर तिकडे दुपार झालेली असते. तिचे जेवण होऊन ती प्रसन्न असेल तेव्हाचीच वेळ मुलीला विचारून ठरवा. आतापासून निघेपर्यंत प्रत्येक कॉलला तेच एक बडबडगीत म्हणा आणि हातांचे तेच हावभाव करा. तेच गीत प्रत्यक्ष भेटीत कानावर पडेल, तेव्हा तिला ओळखीचा धागा मिळेल. चष्मा लावत असाल तर कॉलवरही लावा, तिथेही तोच लावा.

भेटल्याबरोबर तिला उचलून घेण्याचा मोह फार होईल. नऊ महिने आपण या क्षणाची वाट पाहिलेली आहे, हे मी जाणतो. तरीही विमानतळावर तिला तिच्या आईच्याच कडेवर राहू द्या, तिच्याशी न बोलता मुलीशी बोला आणि नातीने आपल्याकडे टक लावून पाहिले तर फक्त हसा. घरी गेल्यावर जमेल तितके तिच्या उंचीवर यावे. गुडघ्यामुळे जमिनीवर बसता येणार नसेल, तर बुटक्या खुर्चीवर बसून वाटी-चमचा किंवा रंगीत रुमाल घेऊन आपल्यापाशीच खेळत राहा. ती सरकत जवळ येईल, वस्तू घेईल, परत जाईल. तिने हात पुढे केल्यावरच उचला. काही बाळांना यासाठी एक संध्याकाळ पुरते, काहींना आठवडा लागतो. त्या काळात आपल्यावर सोपवून आईवडिलांनी बाहेर जाऊ नये, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा जातील तेव्हा पंधरा मिनिटांसाठीच जावे आणि तिला टाटा करून, सांगून जावे. नजर चुकवून गेलेली आई बाळाला अधिक घाबरवते. परतताना आपणही तसेच करा : झोपेत असताना निघू नका, निरोप घेऊन निघा आणि मुंबईत पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ठरलेल्या वेळी फोन लावा.

तीन महिन्यांत ती बहुधा उभी राहील, कदाचित चालेलही. त्यासाठी तिचे हात वर ओढून तिला चालवत नेऊ नका, धरायला भक्कम स्टूल किंवा पलंग मिळाला की ती आपल्या वेळेने पाऊल टाकेल. तिच्याबद्दल आपल्याला जे दिसेल, ते रोज एका वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि ती वही निघताना मुलीकडे द्या. नोकरी आणि घर सांभाळताना तिचे लिहायचे राहून जाते आणि बालरोगतज्ज्ञ पुढच्या तपासणीला नेमके हेच विचारतात. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटून फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी. डांग्या खोकल्याचा बूस्टर डोस गेल्या दहा वर्षांत घेतलेला नसेल, तर तोही त्याच वेळी विचारून घ्यावा.